नावानिशी टवाळी

मागच्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये नेहमीप्रमाणे देशापुढचे प्रश्न सोडवायचं काम चालू होतं. (पगार कोड लिहायचा मिळतो, पण आमचं खरं काम हेच.) कुठल्याशा अभिनेत्रीने कशावर तरी मत दिलं होतं आणि त्यावरून तिला दोन दिवस जे काय ऐकून घ्यावं लागलं, ते आमच्या सगळ्यांच्या फोनवर येऊन गेलं होतं. आमच्यातला एकजण डब्यातली भेंडी चिवडत म्हणाला, "सोपं आहे रे. प्रत्येक अकाउंट आधारला जोडून टाका. खरं नाव दिसायला लागलं की हे सगळे सुतासारखे सरळ येतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पटण्यासारखंच होतं ते. तोंड लपवता येतं म्हणून माणूस वाटेल ते बोलतो, इतकं साधं गणित.

शनिवारी सकाळी हे गणित चुकलं.

झालं असं की वर्षभरापूर्वी अप्पा बळवंत चौकातून आणलेलं एक छोटंसं पुस्तक धूळ खात पडलं होतं. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना'. साल 1882. माझ्यासाठी हे नाव म्हणजे शाळेच्या इतिहासातल्या 'जोड्या लावा' मधली डावीकडची एक ओळ. उजवीकडे रेघ ओढली, मार्क मिळाला, विषय संपला. आता चहा घेऊन सहज चाळायला बसलो आणि अकरा वाजेपर्यंत उठलो नाही.

आधी पार्श्वभूमी सांगतो. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. तिला मूल झालं होतं आणि बदनामीच्या भीतीने तिने ते मारलं होतं. कोर्टाने फाशी सुनावली, पुढे अपिलात फाशी रद्द होऊन शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांना विषय मिळाला तो मिळालाच. विधवांना पुन्हा लग्न करता येत नाही आणि त्या पोराला एक बापही असणार, या गोष्टी बाजूला राहिल्या आणि हल्लीच्या बायका कशा बिघडल्यात यावर लेखण्या सुरू झाल्या. 'पुणे वैभव' नावाच्या पत्रातही असंच छापून आलं. ते वाचून बुलढाण्यात राहणाऱ्या एका बाईचं डोकं फिरलं.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजाशी संबंध असलेले. त्यांनी मुलीला घरी शिकवलं होतं. या बाईंनी काय केलं, तर बायकांवर जे जे आरोप केले जातात त्यांची एक यादीच केली. बायका कपटी, बायका अविचारी, बायका मोहाला बळी पडणाऱ्या वगैरे. मग एकेक आरोप उचलायचा आणि विचारायचं, बरं, हाच दुर्गुण पुरुषांत किती आहे ते बघू या का? आम्ही कोड रिव्ह्यू करतो ना, अगदी तसं. ओळ क्रमांक अमुक, इथे तुमचं हे गृहीतक चुकतंय. बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी आणायला मोकळे असणारे तुम्ही, आणि नवरा मेला की सगळं पाप तिच्या कपाळी? स्वतः साहेबासारखे बूट, कोट घालून हिंडता, खायचं प्यायचं सगळं बदललंत, आणि धर्म सांभाळायचा तो फक्त घरातल्या बाईने? (हे माझे शब्द आहेत. बाईंचे याहून पुष्कळ तिखट आहेत, मुळातून वाचा.)

मला सगळ्यात गंमत वाटली ती पुढे. ताराबाई नुसत्या लोकांवर आणि धर्मावर बोलून थांबत नाहीत, त्या त्या काळच्या मनोरंजनावर घसरतात. मराठीत कादंबरी हा प्रकार नुकताच आला होता. 1861 ची 'मुक्तामाला', नंतर 'मंजुघोषा' अशी अद्भुत प्रेमकथांची पुस्तकं तेव्हा लोक आवडीने वाचत. एकीकडे बायकांच्या कपटाचे किस्से सांगणारी 'स्त्रीचरित्र' सारखी पुस्तकं, दुसरीकडे या कादंबऱ्या आणि नाटकं. ताराबाई त्यांना सरळ विचारतात, की या तुमच्या गोष्टीतल्या बायका आहेत तरी कुठल्या? कुणी पाहिल्यात अशा? म्हणजे बघा, 1882 साली बुलढाण्यात बसून एक बाई आपल्या काळातल्या हिट गोष्टींचं परीक्षण लिहीत होती आणि नायिका अशी का रंगवली, असं विचारत होती.

मग काय झालं? पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात पुस्तक छापलं, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. आणि टवाळी सुरू झाली. टवाळी करणारे नुसते सनातनी असते तर समजून घेतलं असतं, पण सत्यशोधक मंडळींपैकीही काहींना ही भाषा झेपली नाही. बाईच्या बाजूने नाव लावून उभा राहिलेला मोठा माणूस एकच, जोतीराव फुले. 1885 मध्ये 'सत्सार' च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि नाकं मुरडणाऱ्यांना, त्यात आपलेही आले, फटकावलं.

आणि ताराबाई? त्या 1910 च्या सुमारास वारल्या. म्हणजे पुस्तकानंतर अठ्ठावीसेक वर्षं जगल्या. त्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी दुसरं पुस्तक छापलं नाही. पहिलंही लोक विसरून गेले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा मधे 93 वर्षं गेली होती.

ही अठ्ठावीस वर्षं माझ्या डोक्यातून जाईनात. म्हणून त्याच काळातलं आणखी वाचायला घेतलं आणि रविवार रखमाबाईंच्या खटल्यात गेला.

रखमाबाईंची गोष्ट बऱ्याच जणांना थोडीफार माहीत असेल. जन्म 1864, लग्न अकराव्या वर्षी, नवरा दादाजी भिकाजी. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन मुंबईतले नावाजलेले डॉक्टर. रखमाबाई माहेरीच राहिल्या, वाचायला शिकल्या, मोठ्या झाल्या, आणि या माणसाबरोबर नांदायचं नाही असं त्यांनी ठरवलं. 1884 मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला, की माझी बायको माझ्या ताब्यात द्या.

दावा चालू असताना, 26 जून 1885 ला 'टाइम्स ऑफ इंडिया' मध्ये बालविवाहावर एक पत्र आलं. खाली सही, 'एक हिंदू स्त्री'. मग 19 सप्टेंबरला दुसरं पत्र, विधवांवर लादलेल्या वैधव्याबद्दल. सही तीच. दोन दिवसांनी, 21 सप्टेंबरला न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. ज्या बाईने नवऱ्याबरोबर कधी संसारच केलेला नाही तिला तिच्या मनाविरुद्ध त्याच्या हवाली करणं हे त्यांना रानटीपणाचं वाटलं. शिवाय असा दावा करायची सोय मूळ हिंदू धर्मशास्त्रातली नाही, ती इंग्रजांच्या कायद्यातून आली, हेही त्यांनी दाखवून दिलं. मग आकाश कोसळलं! धर्म बुडाला म्हणून आरडाओरडा सुरू झाला. इंग्रजी कायद्यातली एक सोय हिंदू धर्माच्या नावाने वाचवायला लोक धावले. विनोद कुणाच्या लक्षात आला असेल नसेल, देव जाणे.

ती 'एक हिंदू स्त्री' म्हणजे अर्थातच रखमाबाई. वय वर्षं वीस.

अपील झालं, 1886 मध्ये वरच्या न्यायमूर्तींनी खटला परत पाठवला, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला नोकरीची बहुतेक वर्षं काढली आणि 1955 मध्ये नव्वदीत वारल्या. संमतिवयाचा 1891 चा कायदा झाला, मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा झालं, त्यामागच्या वादात हा खटलाही होता.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. या प्रकरणात नाव कुणी लपवलं आणि नाव लावून कोण बोललं, हे जरा बघा.

नाव लपवलं ते रखमाबाईंनी. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत टोपणनावाने लिहिणं सर्रास चालायचं, पण यांना त्याची गरज होती. वीस वर्षांची मुलगी, वर कोर्टात दावा. आणि त्यांच्यावर तुटून पडलेली बरीच मंडळी उजळ माथ्याने वावरणारी होती. टिळकांनी या प्रकरणात रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली हे सर्वांना ठाऊक आहे. (लोकमान्यांबद्दल माझा आदर जिथे होता तिथेच आहे, कृपया धावून येऊ नये.) परक्या सरकारने आमच्या लग्नसंस्थेत नाक खुपसावं का, हा त्यांचा प्रश्न खरा प्रश्न होता आणि त्यावर वाद घालता येतो. वादाला टवाळी म्हणत नाहीत. पण त्या वादाच्या आडून जे चाललं होतं ते वेगळं होतं. मुलगी शिकली म्हणून बिघडली. आईने फूस लावली. घराण्याचा डोळा इस्टेटीवर आहे. दादाजींनी तर 1887 मध्ये आपल्या बाजूची कैफियत छापूनच वाटली, त्यात सासरच्या माणसांवर हेच आरोप. स्वतःच्या नावाने, छापखान्यात जाऊन, पैसे मोजून.

आणि करमणूक मागे कशी राहील? 1886 मध्ये नारायण बापूजी कानिटकरांचं 'तरुणीशिक्षण नाटिका' आलं. पोरी शिकल्या आणि त्यांना स्वातंत्र्य मिळालं तर पुढे काय काय होईल, याचं भविष्य सांगणारं नाटक. पुण्यात मुलींची हुजूरपागा शाळा सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. म्हणजे पहिल्या बॅचचा अजून निकाल लागायचा होता, तोवर त्यांच्यावर विनोद तयार! तेही लेखकाचं नाव पुस्तकावर छापून.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. तुमच्या मशीनवर बग आला की आधी तोच प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर चालवून बघायचा. तिथेही तोच बग आला तर दोष मशीनचा नाही, दोष प्रोग्राममध्ये आहे. 1880 च्या दशकात मोबाइल नव्हता, इंटरनेट नव्हतं, खोटी अकाउंट नव्हती, आणि पुण्यामुंबईत शिकलेली माणसं इतकी थोडी की सगळे एकमेकांना ओळखत. तरी बग जसाच्या तसा आला. मग निनावीपणाला दोष कसा द्यायचा?

दुसरा प्रयोग आपल्याकडे नाही, दक्षिण कोरियात झालाय, आणि तो आमच्या कँटीनच्या उपायाचाच आहे. तिथे 2007 मध्ये कायदा आला की मोठ्या वेबसाइटवर काही लिहायचं तर आधी खरी ओळख पटवा. झालं काय, तर 2011 मध्ये तिथल्या एका बड्या कंपनीवर हल्ला होऊन साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. 2012 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडला तो पडला आणि त्या बदल्यात पदरात फारसं काही पडलं नाही.

निनावी अकाउंटवरून आज ज्या धमक्या येतात, त्यांचं काय? आहेत, आणि त्यांचा पोलिसांनी बंदोबस्त करावा, त्यासाठी कायदेही आहेत. त्यात मी वाद घालत नाही. माझं म्हणणं एवढंच की आपण ज्याला इलाज समजतो तो रोगाच्या दुसऱ्याच बाजूला लागू होतो. खरं नाव सक्तीचं केलं असतं तर 1885 मध्ये गप्प कोण बसलं असतं? दादाजी नाही. नाटककार नाही. 'एक हिंदू स्त्री' गप्प बसली असती. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे 'मी टू' ची लाट आली तेव्हा कितीतरी मुलींनी नाव न देता लिहिलं होतं. त्यांनाही आधी आधार कार्ड दाखवा म्हणून सांगणार का?

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर बरं झालं असतं. इतिहास, आकडे, थोडा कोरिया, सुंदर निबंध. पण मघाशी म्हटलं ना, ती अठ्ठावीस वर्षं डोक्यातून जाईनात. त्याला कारण आहे.

जून 2019. आमची इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा संपली होती, सगळे घरी बसून जॉइनिंगची वाट बघत होते. 'कबीर सिंग' लागला होता. आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चौसष्ट जण. सगळ्यांनी सिनेमा डोक्यावर घेतलेला, डायलॉग, गाणी, स्टेटस. आमच्या वर्गातल्या एका मुलीने रात्री दहाबारा ओळी लिहिल्या. की या सिनेमात नायिकेला किती वेळ तोंडच उघडायला दिलेलं नाही ते कुणाच्या लक्षात आलं का? सगळ्या कॉलेजसमोर तो ती माझी आहे म्हणून जाहीर करतो आणि तिला कुणी विचारतसुद्धा नाही. कुणी पाहिल्येय का अशी मुलगी?

शेवटचा प्रश्न तेवढाच होता. 137 वर्षांनी, तोच.

पुढचा तासभर काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. एकाने लिहिलं, "हिला कुणी प्रपोज करत नाही म्हणून जळतेय." दुसऱ्याने तिच्या जुन्या मित्राचं नाव काढलं. तिसऱ्याने गॅदरिंगमधल्या तिच्या फोटोचं स्टिकर केलं. वाद घालायला कुणी आलंच नाही, सिनेमाबद्दल एक अक्षर नाही. आणि गंमत म्हणजे त्या ग्रुपवर एकही माणूस निनावी नव्हता. प्रत्येकाचं नाव, नंबर, डीपीवर फोटो. निम्म्यांच्या घरी ती गणपतीला जेवायला गेली होती.

मी काय केलं? मी तिच्याविरुद्ध काहीच लिहिलं नाही. मला तिचं म्हणणं बरचसं पटलंही होतं. मी त्या स्टिकरवर हसणारे स्मायली टाकले. वर नाव होतं माझं, पूर्ण, आडनावासकट.

ती भांडली नाही, ग्रुपही सोडला नाही. नुसती लिहायची थांबली. त्यानंतर त्या ग्रुपवर तिचं वाढदिवसाचं 'थँक्स' सोडून काही आलेलं मला आठवत नाही. आधी ती खूप लिहायची, सिनेमांवर, पुस्तकांवर, मेसच्या भाजीवर, आणि फार छान लिहायची. आम्ही कुणी ते कधी शोधलंही नाही. आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की अलार्म वाजतो. माणूस लिहायचा थांबला तर कसलाच अलार्म वाजत नाही.

नाव दिसत असूनही आम्ही तसे का वागलो, याचं उत्तर आता मला सोपं वाटतं. आमच्या नावाला धोकाच नव्हता. सगळा ग्रुप आमच्या बाजूने होता. टवाळी केली तर हशा, वर दोन शाबासक्या. दादाजींनाही कैफियत छापताना हेच माहीत होतं, नाटक लिहिणाऱ्यालाही. चारचौघं आपल्या बाजूने असली की नाव मिरवता येतं. एकटं पडायची भीती असेल तर ते लपवावं लागतं. म्हणजे प्रश्न नावाचा नाहीच, त्या चारचौघांचा आहे. जे स्वतः काही बोलत नाहीत, फक्त हसतात. 1885 मध्ये एका माणसाने हसायचं नाकारलं आणि बाईची बाजू छापून टाकली, म्हणून जोतीराव वेगळे. ते सगळ्यांना जमेल असं नाही. पण तीन स्मायली न टाकणं जमलं असतं. त्याला महात्मा व्हायची गरज नव्हती.

काल रात्री तिला मेसेज केला. सहा वर्षांत तसा आमचा काही संपर्क नाही. ती दुसऱ्या शहरात असते, आमच्यासारखीच कोड लिहिते. मी सरळ लिहिलं, की 2019 च्या त्या रात्रीबद्दल सॉरी, आत्ता कशावरून आठवलं ते भेटलीस तर सांगीन. उत्तर आज सकाळी आलं.

"आठवतंय. तुझे तीन स्मायली होते."

मी आकडा लिहिला नव्हता. मला तो आठवतही नव्हता. जुनं बॅकअप उघडून पाहिलं, तीनच होते.

थोड्या वेळाने तिचा आणखी एक मेसेज आला. सिनेमे अजून बघतेस का, असं मी विचारलं होतं. "बघते ना," म्हणाली, "लिहीत नाही." मी तिला 'स्त्रीपुरुषतुलना' पाठवू का विचारलंय. त्यावर अजून उत्तर नाही, आणि नाही आलं तरी मला तक्रार करायचा हक्क नाही.

असो. उद्या सोमवार. भेंडीवाल्याला कँटीनमध्ये हे सगळं सांगणार आहे. तो बहुतेक म्हणेल, "एवढं काय त्यात, गंमत होती." 1882 मध्येही कुणीतरी हेच म्हटलं असणार.